घागरडोह: संदर्भ हवा

"माशानं पुन्हा खाल्लं," बाबा म्हणाले.

आई ओट्याशी कैरी किसत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "किती?"

"एकच वाक्य."

"मग उपाशीच आहे बिचारा. संध्याकाळी परत येईल."

मे महिन्यातला शनिवार होता तो. मी सुट्टीला नाशिकहून संगमनेरला आले होते. बाबा जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसले होते. पंख्याचा वारा त्यांना पुरत नसे म्हणून पायांशी ओलं गोणपाट अंथरलेलं. घरभर कैरीचा आंबट वास होता. यापेक्षा साधा दिवस मला आठवत नाही.

मासा म्हणजे ध्रुवमत्स्य. कुणीही लिहावं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं बदलावं, असा जो मराठी ज्ञानकोश इंटरनेटवर आहे, त्यातलं हे टोपणनाव. त्यामागचा माणूस हेमंत उपासनी, जळगावकडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. बाबांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी या कोशात नद्या, घाट आणि आठवडी बाजार लिहायला घेतले, तेव्हापासून दोघांचं रोजचं येणंजाणं होतं. बाबा लिहीत, मासा तपासून छाटत असे. कधी मासा लिही आणि बाबा छाटत. प्रत्येक लेखामागे वाद घालायला चर्चापान नावाचं एक वेगळं पान असतं, तिथं हे दोघे अतिशय अदबीनं भांडत.

बाबांची कात्रीही काही बोथट नव्हती. पलीकडच्या तालुक्यातल्या एका गृहस्थांनी आपल्या डोंगरावर पांडवांनी चूल मांडली होती असं लिहिलं, ते बाबांनी काढून टाकलं. त्या गृहस्थांचा फोन आला. "सर, माझ्या आजानं सांगितलंय."

"आजोबांनी कुठं छापलंय का?" बाबांनी विचारलं होतं.

घरात तो विनोदच झाला. आई म्हणे, दूध नासलंय. बाबा म्हणत, संदर्भ? आई म्हणे, तोंडाला लावून बघा.

म्हणून माशानं वाक्य काढलं तेव्हा बाबांना धड रागावताही येईना.

लेख घागरडोहाचा होता. आमच्यापासून दीडेक तासावर, नदीच्या काळ्या खडकात पाण्यानं घागरीसारखे गोल, खोल खळगे कोरले आहेत. भूगोलात त्यांना रांजणखळगे म्हणतात. गुराखी आणि धुणं धुणाऱ्या बायका सोडल्या तर पूर्वी तिकडे कुणी फिरकत नसे. मग कुणीतरी तिथली चित्रफीत फोनवर फिरवली आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागायला लागली. निघायच्या आधी लोक फोनवर नाव टाकून बघत. सगळ्यात वर बाबांचा लेख दिसे.

त्यात त्यांनी घातलेलं वाक्य असं होतं: 'उन्हाळ्यात पात्र कोरडे दिसत असले तरी वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडल्यास ते येथे आवाज न करता चढते, खळग्यांत उतरू नये.'

मासा म्हणाला, उतरू नये हा सल्ला झाला, माहिती नाही. बाबांनी तेवढं काढलं. उरलेल्या वाक्यापुढे त्यानं कंसात 'संदर्भ हवा' अशी पाटी लावली. बाबांना संदर्भ सापडला नाही, आणि रीतीप्रमाणे वाट पाहून त्या शनिवारी त्यानं वाक्य उडवलं.

बाबांनी चर्चापान मोठ्यानं वाचायला घेतलं. "ध्रुवमत्स्य लिहितात, 'गुंजाळ सर, आपल्याविषयी नितांत आदर आहे...'"

"नितांत म्हटलं की कात्री आलीच," आई म्हणाली.

"'...परंतु आपल्या आठवणी हा संदर्भ ठरू शकत नाही, हे आपणच आम्हाला शिकवले आहे.' बघ, बोलायला जागा ठेवली नाही."

"पण बाबा, तुम्ही काही पाहिलंय का तिथं?" मी विचारलं.

"पाहिलंय."

"मग तसं लिहा की."

"मी पाहिलंय म्हणूनच चालत नाही, शरू. उद्या कुणी लिहील, मी हडळ पाहिली. त्याला मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"काय पाहिलंत?"

आईची किसणी थांबली. बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. माझं वय तेव्हा चाळिशीला आलं होतं आणि ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

"तिकडच्या शाळेत नुकताच लागलो होतो," ते म्हणाले. "असाच वैशाख. दोघी जावा डोहावर गोधड्या धूत होत्या. मी काठावरनं सायकल हातात धरून चाललो होतो. खालनं एकीनं विचारलं, मास्तर, वाजले किती? मी मनगटावर बघितलं. सांगायला मान वर केली, तर खाली पाणी."

"म्हणजे?"

"नुसतं पाणी. काठोकाठ. कुणी ओरडलं नाही, काही नाही. मी तिथं उभा राहून वेळ सांगितली. खरंच सांगितली. माझं तोंड उघडलं होतं ना, ते बंद होईना."

आई म्हणाली, "पुरे आता."

"गोधड्या दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला मिळाल्या. खडकावर पसरलेल्या, जशा कुणी वाळत घातल्यात."

"आणि त्या?"

"एक मिळाली."

पंखा कुरकुरत होता. मी विचारलं, "पेपरात आलं नाही?"

"वाडीवरच्या दोन बायका. कोण छापणार? पेपरच तिकडे एक दिवस शिळा यायचा. एकीचं नाव म्हाळसा होतं. दुसरीचं मी विचारलं नाही."

"पाणी येतंय हे कळतच नाही?"

"कळतं की. आधी पायाखालची वाळू गार होते," बाबा म्हणाले. "पण ते कळायला पाय वाळूत असावा लागतो."

चारच्या चहाला उपासनींचा फोन आला. बाबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावून टेबलावर ठेवला. आवाज मऊ होता, थोडा खानदेशी हेल असलेला.

"सर, रागावलात का?"

"रागावतोय कशाला? मी तुमच्या जागी असतो तर आधीच उडवलं असतं."

"मला ठाऊक आहे सर, तुम्ही म्हणता ते खरंच असणार. पण वाचणारा तुम्हाला ओळखत नाही. त्याचा विश्वास पानावर बसायला हवा."

"अगदी बरोबर."

आई माझ्या कानाशी म्हणाली, "हे कसलं गं भांडण? दोघंही एकमेकांना बरोबर म्हणतायत."

मग बाबांना दगड आठवला. त्या दोघी गेल्यानंतर बंधाऱ्यावरच्या माणसांनी डोहाच्या काठी एक दगड रोवला होता. त्यावर इशारा कोरलेला होता, खाली साल होतं. शब्द त्यांना आठवत नव्हते.

"अहो मग झालंच की," उपासनी म्हणाले. "कोरलेला लेख, त्यावर साल. त्याचा स्वच्छ फोटो चढवा. मी स्वतः वाक्य परत घालतो सर, माझ्या हातानं."

"उद्याच जातो."

"या उन्हात?" आईनं फोनकडेच बघत विचारलं, जणू उपासनींनी जबाब द्यावा.

"उन्हं चढायच्या आत घरी. आणि पाण्याचं म्हणशील तर आवर्तन मंगळवारी सुटणार आहे." बाबांनी शेजारचा पेपर उचलून आईसमोर धरला. कालव्याला पाणी कधी सोडणार याची चौकट होती ती. "हे बघ. हे तरी छापून आलंय."

पलीकडून उपासनी हसले. आम्हीही हसलो.

रात्री जेवताना बाबा खुशीत होते. म्हणाले, "असा एक विद्यार्थी जन्मात मिळाला असता तर बरं झालं असतं. पुरावा दे म्हणतो. तोंडावर म्हणतो."

सकाळी मी उठले तेव्हा स्कूटर गेलेली होती.

उन्हं चढली. बाबा आले नाहीत. आईनं आमरस केला, वर ताटली झाकली, ताटलीवर वाटी ठेवली. फोन लागत नव्हता. "तिकडे रेंज नसते," मी म्हणाले. थोड्या वेळानं आई म्हणाली, "तिकडे रेंज नसते." मग आम्ही तेच वाक्य आळीपाळीनं म्हणत राहिलो. रस्त्यावर भंगारवाला येऊन गेला. आई फाटकापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, स्कूटरचा आवाज वाटला.

अनोळखी नंबरावरून फोन आला तो मी घेतला. "भास्कर गुंजाळांचं घर का?" एका माणसानं विचारलं. मी हो म्हटलं. मागे बायामाणसांचा गलका होता. "घरात कुणी गडीमाणूस आहे का?" तो म्हणाला. तेवढ्यावर मला कळलं.

पाणी रविवारीच सोडलं होतं. बंधाऱ्याचं एक दार उघडून पाहायचं होतं म्हणे. चौकशी झाली, ती कुठवर गेली ते मी विचारलं नाही. बाबा दुसऱ्या दिवशी सापडले, बऱ्याच खाली, वाळूच्या पट्ट्यावर. चष्मा आणि फोन मिळाले नाहीत.

डोहावर एक धनगर मेंढरं घेऊन होता. त्यानं पाहिलं ते तो पोलिसांना सांगत असताना मी तिथंच होते. "मास्तर वर होते," तो म्हणाला. "दगडापाशी उकिडवे बसलेले. त्यांना काय धोका नव्हता हो. खाली माणसं होती घागरीत, बाई, माणूस आन् एक पोरगी. मास्तरांनी चप्पल काढली, वाळूवर पाय ठेवला, आन् पळतच सुटले खाली."

ती माणसं वाचली. दहाव्याला ती घरी आली.

नवराबायको कल्याणची होती, दळवी नावाची. मुलगी पाचेक वर्षांची, आईच्या ओढणीचा शेव मुठीत घट्ट धरून. नवरा दारातच उभा राहून रडायला लागला. आई त्याला पाणी देऊन आत घेऊन गेली आणि मुलीच्या हातावर लाडू ठेवला. ती बाई माझ्यापाशी ओसरीवर थांबली. तिच्या कोपरावर खरचटल्याची खपली होती. मला वाटलं, तिथं बाबांचा हात लागला असेल.

"त्यांनी आधी हिला वर दिलं," ती म्हणाली. "मग मला ढकललं. ह्यांनी वरनं मला ओढलं. मागे वळून बघितलं तर..."

"काही म्हणाले ते?"

"वाळू गार झालीय, चला. दोनदा म्हणाले. आम्हाला कळेचना, हे गृहस्थ काय म्हणतायत. मी तर म्हटलं पण, काका, आम्ही आत्ताच आलोय."

मी तिला बसायला पाट पुढे केला.

"आम्ही असे उठून कुठेही जाणारे नाही हो," ती म्हणाली. तिला ते सांगायचंच होतं, त्यासाठीच ती बाहेर थांबली होती. "बरोबर लहान मुलगी असते. मी आधी सगळं वाचते. फोनवर ज्ञानकोशातलं पान वाचलं होतं मी, आदल्या रात्री, पूर्ण. खडक कुठला, खळगे कसे पडतात, उन्हाळ्यात पात्र कोरडं असतं, सगळं होतं त्यात. धोक्याचं एक अक्षर नव्हतं. असतं तर मी उतरले असते का? तुम्हीच सांगा."

"नसता उतरलात," मी म्हणाले.

"इतकं छान लिहिलेलं होतं. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, कुणी जाणत्या माणसानं लिहिलंय."

आतून आईचा आवाज येत होता. ती त्या मुलीला नाव विचारत होती. मी त्या बाईला सांगितलं नाही, ते पान कुणी लिहिलं होतं.

बाबांचे दिवस होऊन गेल्यावर उपासनींचा फोन आला. ते जळगावहून परस्पर घागरडोहाला जाऊन आले होते. आमच्या घरी यायचं धैर्य झालं नाही, म्हणाले.

"दगड पाहिला, शरयूताई. हात फिरवून पाहिला, पाणी ओतून पाहिला. काहीच वाचता येत नाही. सगळं झिजलंय. गुरं अंग घासतात त्याला."

"बरं."

"सर माझ्यावर रागावून गेले का हो?"

"नाही. रात्री जेवताना तुमचं कौतुक चाललं होतं."

मग ते म्हणाले, "ती माणसं तिथं उतरली कशी? त्यांना कुणी काही सांगितलं नाही? कुठं काही ऐकलं, वाचलं नव्हतं?"

आई समोरच बसली होती. तिच्या मांडीवर बाबांचे सदरे होते, कुणाकुणाला द्यायचे म्हणून त्यांच्या घड्या घालत होती.

"माहीत नाही," मी म्हणाले.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "वाक्य परत घातलंय मी. माझ्या हातानं." आणि मग अगदी हळू, "संदर्भ मिळाला."

कुठला, ते मी विचारलं नाही. आई झोपाळली तेव्हा बाबांचा संगणक उघडून पान काढलं. वाक्य होतं. त्याच्या शेवटी, शब्दाच्या डोक्यावर, बारीक आकडा होता. त्यावर टिचकी मारल्यावर पान आपोआप खाली सरकलं. तिथं एका दैनिकाचं नाव होतं, तारीख होती आणि बातमीचा मथळा: 'घागरडोहात बुडून निवृत्त शिक्षकाचा मृत्यू.'

सगळं नियमाप्रमाणे होतं. बाबांनीही तसंच केलं असतं.

त्यानंतर उपासनी दर वैशाखात फोन करत राहिले. आईची चौकशी करत. आई गेली तेव्हा ते आले, सगळ्यात मागे उभे राहिले आणि न जेवता परतले. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. मीही तो विषय काढला नाही. ग्रंथालयात दिवस काढलेला, एकटा, सरळ माणूस. रोज सकाळी उठून अनोळखी लोकांच्या चुका दुरुस्त करतो आणि त्याचं कुणी नावही घेत नाही. त्याच्या हातात त्या बाईचं बोलणं नेऊन ठेवावं असं मला कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी पुण्यात ज्ञानकोशात लिहिणाऱ्यांचा मेळावा झाला. उपासनींनी आग्रह केला म्हणून मी गेले. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. एका शाळेच्या सभागृहात पन्नासेक माणसं होती, विद्यार्थी, निवृत्त मंडळी, दोनतीन डॉक्टर. उपासनी पुढच्या खुर्चीवर, ज्येष्ठ म्हणून. मी मधल्या रांगेत.

जेवणानंतर रायगडकडच्या एक बाई उभ्या राहिल्या. रजनी तांडेल. आवाज खणखणीत, हातात कागद नाही.

"आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. तो सरकतो," त्या म्हणाल्या. "ओहोटीला त्यावर पाणी कसं फिरतं, ते आमच्या म्हाताऱ्यांना ठाऊक. आता तिथं पर्यटक येतात, प्लास्टिकच्या होड्या घेऊन. मी पानावर एक वाक्य लिहिलं. काढलं. परत लिहिलं. परत काढलं. छापलेलं काही नाही माझ्याकडे. आमच्या म्हाताऱ्यांचं बोलणं मी फोनवर भरून आणलंय, त्यांच्या नावगावासकट. ते लावलं तर चालेल का, एवढंच विचारायला आलेय. पहाटेची एसटी धरून."

सूत्रसंचालन करणारी मुलगी हुशार होती, गोड बोलणारी. "ताई, तुमची तळमळ पोचली," ती म्हणाली. "पण ऐकीव माहितीला आपण दार उघडलं तर उद्या काहीही आत येईल. थोडं थांबू या. विषय महत्त्वाचा आहे म्हणजे आज ना उद्या छापून येईलच. आणि एक वाक्य उशिरा आलं म्हणून कुणाचं काही जात नाही. हो की नाही, उपासनी सर? तुम्हीच सांगा, म्हणजे विषय संपेल."

ध्वनिक्षेपक उपासनींच्या हातात गेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही.

"नियम आहे," ते म्हणाले. घसा साफ केला. "नियम कुणावर शंका घ्यायची म्हणून नाही. पानावर विश्वास बसावा म्हणून आहे. त्यामुळे मला वाटतं, थांबावं..."

तांडेल बाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि पिशवीचा बंद ओढला.

मी उभी राहिले. शेजारच्या माणसानं पाय आखडून घेतले, त्याला वाटलं मला बाहेर जायचंय.

"छापून येईल, ताई," मी तांडेल बाईंना म्हणाले. "आमचंही आलं होतं. घागरडोहाच्या पानावर पाण्याच्या वाक्याला जो संदर्भ आहे, ते माझे वडील."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. उपासनींनी ध्वनिक्षेपक खाली घेतला.

"शरयूताई," ते म्हणाले.

"तुम्ही मला विचारलं होतं, हेमंतराव, ती माणसं तिथं उतरली कशी. मी म्हणाले, माहीत नाही. मला माहीत होतं. ती बाई आमच्या घरी येऊन सांगून गेली होती. तिनं आदल्या रात्री पान वाचलं होतं. सगळं, शेवटपर्यंत. विश्वास ठेवून ती उतरली, आणि ती उतरली म्हणून बाबा उतरले. ते वाक्य तेव्हा त्या पानावर नव्हतं."